फोर बाय फोरला लेदर की कापड? आधी पाणी कुठं मुरतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गाडी नवी, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी), हार्डटॉप म्हणजे टणक छताची. कंपनीकडून कापडी सीटा आल्यात. घर कोल्हापुरात, कळंब्याला. महिन्यातून एक-दोनदा गगनबावडा, भुईबावडा, आंबा घाट अशी भटकंती, पावसाळ्यात जरा जास्तच. एरवी तीच गाडी ऑफिसला, आणि रविवारी आई-वडिलांना घेऊन जोतिबाला; त्यांना चढायला-बसायला काय सोपं, हेही तुम्ही विचारलंय. मागच्या सीटवर कुत्रा. शोरूमवाले म्हणतात, लेदर टाकून देतो. मित्र म्हणतात, कापडच बरं. तुम्ही विचारताय, करायचं काय?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. कंपनीचं कापड काढू नका. त्यावर पावसाळ्यापुरतं काढता-घालता येईल असं, मापात शिवलेलं, पाणी न झिरपणारं कव्हर करून घ्या. गाडी कापडी हूडची उघडी असती किंवा रोज शेतात जाणारी असती, तर मी उलटं सांगितलं असतं : जाड, साधं, बिननक्षीचं रेक्झिन. आणि खरं चामडं मी जुलैत गगनबावड्याला जाणाऱ्या कुणालाच सुचवणार नाही.

कुशनच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या आसपास जीप, ट्रॅक्टर, ट्रॅव्हल्स, मोटारी सगळ्यांच्या सीटा उघडून आतून बघितल्यात. गिऱ्हाईक बोलतं वरच्या कातडीबद्दल, पण सीट सडते ती आतून. म्हणून लेदर की कापड याच्या आधी प्रश्न विचारायचा तो असा : या सीटमध्ये पाणी शिरलं तर ते बाहेर कसं येणार?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न प्रत्येकाला वेगळा लागू होतो. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडं गेलात तर पाचशेच्या घरात. म्हणजे एकाच जिल्ह्यात शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यात पाऊस दहापट बदलतो. शिरोळकडच्या जयसिंगपूरच्या माणसाला जी सीट दहा वर्षं टिकली, ती गगनबावड्याकडच्या साळवणच्या माणसाकडं दुसऱ्या पावसाळ्यात वास मारायला लागते. माल तोच, कारागीरही तोच, फक्त हवा वेगळी. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या कुणी दिलेला सल्ला इथं जसाच्या तसा लागू होत नाही.

आता सीटच्या आत काय असतं ते सांगतो. खाली लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा किंवा तारेची जाळी. त्यावर साच्यात ओतलेला फोम. हा फोम उघड्या छिद्रांचा असतो, म्हणून दाबला की हवा बाहेर जाते आणि सोडला की परत आत येते. त्याच कारणानं तो पाणीही ओढतो. धबधब्याखालून भिजून आलेला माणूस ओल्या पँटनं सीटवर बसतो, त्याच्या वजनानं फोम दाबला जातो. तो उतरला की फोम फुगतो आणि वर साचलेलं पाणी शिलाईच्या भोकांतून आत खेचून घेतो. पुन्हा बसला, पुन्हा उठला, पुन्हा तेच. दिवसभरात पाच-सहा वेळा चढउतार झाली की पंप मारल्यासारखं पाणी खाली बसतं.

इथंच कापड आणि रेक्झिन यांचा खरा फरक आहे, आणि तो बहुतेकांना उलटा ठाऊक असतो. कापड पटकन भिजतं हे खरं. पण त्याच वाटेनं ते वाळतंही. दारं उघडी टाकून ऊन किंवा वारं मिळालं, किंवा एसी चालू ठेवून हीटरवर गरम हवा सोडली, की कापडातून वाफ निघून जाते. रेक्झिन वरून पुसलं की कोरडं दिसतं, माणूस निश्चिंत होतो. पण शिलाईतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते, कारण कातडी श्वास घेत नाही. वर कोरडी, आत ओली. अशी सीट गणपतीपर्यंत ओली राहते. मग बुरशी धरते, सांगाडा गंजतो, रेल अडकते, आणि गाडीत एक कुबट वास येतो जो कुठल्याही सुगंधी डबीनं जात नाही. मी उघडलेल्या सर्वांत वाईट सीटा वरून चकाचक होत्या.

मग रेक्झिन वाईट का? मुळीच नाही. भोकं कमी असतील तर ते उत्तम. सगळा खेळ शिलाईचा आहे. सध्या ती चौकड्यांची, डायमंडची फॅशन आलीय बघा, सीटभर रजईसारखी शिलाई. शहरातल्या मोटारीला शोभते. पण ऑफ-रोडच्या गाडीला मी ती करून द्यायला नको म्हणतो. बसायच्या जागेवर शेकडो टाके, प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि प्रत्येक भोक माणसाच्या वजनाखाली. शिवाय त्या खाचांत तांबडी माती बसते ती नखानं काढावी लागते. साधी, सपाट बैठक, शिलाई फक्त कडेला, आणि कडेची शिलाई बाहेरच्या उतारावर : इतकं सांगितलं तरी अर्धं पाणी थांबतं. धागा नायलॉनपेक्षा बाँडेड पॉलिस्टर घ्या, तो उन्हात जास्त तग धरतो. सुती धागा पावसात कुजतो, त्याचं नाव काढू नका. टाका फार बारीकही नको. जवळजवळ भोकं पडली की रेक्झिन तिथंच फाटतं.

भोकाभोकांचं, म्हणजे परफोरेटेड लेदर आणि आतून पंख्याची हवा देणाऱ्या सीटा यांचं तर विचारूच नका. महामार्गावर फार सुखाच्या. चिखलातून आलेल्या माणसासाठी त्या नाहीत.

शोरूमवाले ज्याला लेदर म्हणतात ते बहुतेक वेळा चामडं नसतं, हेही स्पष्ट करून घ्या. बाजारात तीन गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात. एक खरं चामडं. दुसरं पीव्हीसीचं, ज्याला आपण वर्षानुवर्षं रेक्झिन म्हणत आलो. तिसरं पीयूचं, मऊ, हलकं, हाताला चामड्यासारखं लागणारं. नमुन्याचा तुकडा मागा आणि उलटा करून बघा. मागं कापडाची जाळी किंवा होजिअरी दिसली तर ते चामडं नाही. चामड्याची मागची बाजू लवदार, तंतूंची असते.

यातलं पीयू आपल्या हवेत जपून घ्यावं. दमट हवेत पीयूचा थर हळूहळू पाणी ओढतो आणि त्याची रासायनिक जोडणीच तुटायला लागते. हे न वापरताही घडतं. म्हणूनच कपाटात ठेवलेल्या पर्सचे आणि बुटांचे पोपडे निघतात. सगळंच पीयू सारखं नसतं, भारी प्रतीचं बरीच वर्षं काढतं, पण दुकानात उभं राहून स्वस्त आणि भारी ओळखणं गिऱ्हाइकाला अवघड. पीव्हीसीला हा रोग नाही. त्याचा रोग वेगळा : त्यात मऊपणासाठी घातलेलं द्रव्य उन्हानं आणि वयानं उडून जातं, मग ते कडक होतं आणि घडीवर तडकतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरची सीट आठवा. म्हणजे ज्याचा त्रास पावसाचा, त्यानं पीव्हीसीकडं जावं. ज्याची गाडी वर्षभर उन्हात उभी, त्यानं कापडाकडं. गगनबावडा-राधानगरी पट्ट्यात रेक्झिन घालायचंच असेल तर मी जाड पीव्हीसी देतो, बोटींच्या सीटांना वापरतात त्या प्रतीचं मिळालं तर फारच छान.

खऱ्या चामड्याबद्दल कोल्हापूरच्या माणसाला मी काय सांगावं? आपण हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याच्या चपला घालून वाढलोय, आणि मृग लागला की त्या वर ठेवून द्यायच्या हे घरात कुणी शिकवावं लागत नाही. गाडीच्या सीटचं चामडं बहुधा क्रोमनं कमावलेलं असतं, वर रंगाचा संरक्षक थर असतो, त्यामुळं ते चपलेच्या चामड्यापेक्षा पाण्यात जास्त तग धरतं. तरी शिलाईतून ते भिजतं, आणि भिजून वाळताना आतलं तेल हरवून ताठ होतं. दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी येते. ते जपायचं म्हणजे सौम्य क्लीनर, कंडिशनर, सावलीत वाळवणं हे नियमानं करावं लागतं. बंद गाडी, शहरातली फिरती आणि देखभालीची हौस असेल तर चामड्यासारखं सुख नाही, हेही खरं. पण तुमचा वापर तो नाही, आणि पैसे कित्येक पट जातात.

आता पकड. ऑफ-रोडवाल्यांनी याचा विचार सर्वांत आधी करायला हवा, पण होतो सर्वांत शेवटी. खड्या उतारावर गाडी लो रेंजमध्ये (हळू चालणाऱ्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) पहिल्या गिअरवर सोडली की तुमचं शरीर पुढं सरकतं. गाडी एका अंगाला कलली की तुम्ही दाराकडं घसरता. सीट गुळगुळीत असेल तर माणूस नकळत स्टिअरिंगला लोंबकळून स्वतःला सावरतो. स्टिअरिंग ही धरून बसायची जागा नव्हे, त्यावर हलका हात हवा. दगडावरून चाक उतरताना ते झटका देतं. कापडावर कुल्ले आणि पाठ धरून राहतात, हात-पाय मोकळे राहतात. रेक्झिनवर ओली पँट असेल तर आणखीनच घसरायला होतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी चालकाच्या सीटला कापड किंवा निदान मधल्या भागात कापड सुचवतो. मध्ये दाट विणीचं कापड, दोन्ही कडांना रेक्झिन ही जोडणी मला सर्वांत आवडते, कारण उंच गाडीत चढताना-उतरताना माणूस बाहेरच्या कडेवरून घासून जातो आणि तीच कड सर्वांत आधी फाटते. तिथं मजबूत माल, बसायच्या जागी धरणारा माल.

याच्याशी जोडलेली एक तक्रार. वॉशिंग सेंटरवाली पोरं डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश सीटवरही मारतात. त्यात सिलिकॉन असतं. सीट चमकते आणि घसरगुंडी होते, वर धूळही चिकटते. स्पष्ट सांगा, सीटला काही लावायचं नाही. आणि प्रेशरचं पाणी सीटवर मारू द्यायचं नाही, रेक्झिन असलं तरी नाही. त्या दाबानं पाणी शिलाईतून थेट फोममध्ये आणि खालच्या वायरिंगच्या जोडांत जातं.

उष्णतेचं फार लांबवत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडं जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीतल्या काळ्या रेक्झिनवर हाफ पँट घालून बसून बघा, कळेल. कापड तापतं, पण अंगाला चटका देत नाही आणि घाम शोषतं. लांबच्या प्रवासात पाठ चिकटत नाही.

डागांच्या बाबतीत मात्र कापडाची बाजू लंगडी, तिथं मी खोटं बोलणार नाही. आपल्या पश्चिम भागातली तांबडी माती लोहामुळं तांबडी असते, आणि फिक्या कापडात तो रंग उतरला की पूर्ण निघत नाही. ब्लीच वापरलंत तर डाग उलट पक्का बसतो. ओली असताना ती माती अजिबात घासू नका, घासलंत की कणांसकट विणीत जाते. पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशनं झटका, व्हॅक्यूम मारा, आणि मग उरलेल्याला ओलसर फडकं. मातीचे बारीक कण विणीत राहिले तर दर वेळी बसताना ते धागा कापत राहतात, म्हणून व्हॅक्यूम हे दिसण्यापुरतं काम समजू नका. तांबडा रस्सा सांडला तर आधी कागदानं तेल टिपून घ्या, मग भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, घाबरू नका, धुऊन टाका आणि गाडी दोन दिवस उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हानं उडतो. दूध सांडलं तर मात्र त्याच तासाला हालचाल करा. कापडात मुरलेलं दूध आंबलं की कव्हर काढून फोमपर्यंत धुवावं लागतं. डेअरीला कॅन नेणाऱ्यानं मागं कापड ठेवूच नये.

रंग निवडायला मिळत असेल तर गडद करडा किंवा मातकट. काळ्यावर वाळलेली धूळ दिसते, पांढऱ्यावर सगळंच दिसतं, जीन्सचा निळा रंगसुद्धा. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या वरच्या व्हेरियंटना फिक्या रंगाचं लेदरेट, म्हणजे नकली लेदर, आलं तेव्हा आमच्याकडं पहिली चौकशी कव्हरचीच व्हायची. त्याउलट २०२० ची थार बघा. भटकंतीसाठी म्हणून दिलेल्या एएक्स व्हेरियंटला कंपनीनं धुता येणाऱ्या व्हिनाइलच्या सीटा दिल्या, जमिनीला पाणी सोडायची बुचं दिली, आणि महागड्या एलएक्सला कापड. म्हणजे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं की व्हिनाइल आणि पाणी सोडायची वाट या दोन गोष्टी बरोबरच चालतात. नुसतं रेक्झिन घालून खाली गालिचा तसाच ठेवणं म्हणजे अर्धं काम. तुम्ही काहीही निवडा, गालिच्याखाली हात घालून ओल बघायची सवय लावा.

यानंतर सर्वांत महत्त्वाचं, आणि यात मी गिऱ्हाइकाचा रागही पत्करतो. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर साधं कव्हर किंवा साधं रेक्झिन चढवायचं नाही. मारुतीची जिम्नी आणि थार रॉक्स यांना सहा एअरबॅग आहेत, त्यातल्या बाजूच्या पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत बसवलेल्या असतात. धडक झाली की ती पिशवी कडेची ठरावीक शिलाई फाडून क्षणार्धात बाहेर येते. त्यावर घट्ट, दुहेरी शिलाईचं कव्हर असेल तर ती अडकते, उशिरा येते किंवा भलत्या दिशेला येते. सीटच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेलं छोटं लेबल असतं, ते शोधा. असेल तर त्या जागी कव्हर मोकळं सोडलेलं किंवा त्या कामाच्या कच्च्या धाग्यानं शिवलेलं हवं. कारागिराला विचारा, तो त्या जागी काय करणार. उत्तर नीट आलं नाही तर गाडी परत घेऊन या. तीन दारांच्या थारला एअरबॅगा फक्त समोर आहेत, तिथं ही अडचण नाही.

सीट उतरवायचं काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं, मग खालचे पिवळे प्लग सोडायचे. पिवळा म्हणजे एअरबॅगची, किंवा धडकेत बेल्ट आवळणाऱ्या ताणकाची वायर. प्लग सुटलेले असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. घाईत वायर कापून जोडणारे महाभाग आहेत. त्यांच्यापासून लांब राहा.

आता तुमच्या कव्हरविषयी. निओप्रीन, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाचं रबरी कापड, छान दिसतं, पण शिलाईतून गळतं आणि उन्हाळ्यात अंग उकडून काढतं. मला पाठीमागून कोटिंग केलेलं जाड कॅनव्हास किंवा सहाशे डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर जास्त पटतं. वरून खरबरीत, त्यामुळं पकड राहते, आणि कोटिंगमुळं पाणी आत जात नाही. बैठकीवर मधे शिलाई येणार नाही असं कापून घ्या. शिलाई टाळता येत नसेल तिथं आतून पट्टी चिकटवायला सांगा. सीटच्या मापाचं, खालून पट्ट्यांनी आणि बकलांनी ताणलेलं हवं. सैल कव्हर चढणीवर माणसासकट सरकतं, मग कापडाच्या पकडीचा फायदा मातीत गेला. आणि ते काढायला सोपं हवं. कव्हरखाली घामाची, हवेची ओल साचते, म्हणून पावसाळ्यातसुद्धा उघडीप मिळेल त्या दिवशी कव्हर काढून सीटला वारं लागू द्या. दिवाळीला पूर्ण काढून ठेवा, पुढच्या मे अखेरीपर्यंत गाडी कापडावरच चालू द्या. बारा महिने कव्हर चढवून ठेवणारे खालची सीट नवी राहिली म्हणून खूश असतात, आणि कधीतरी उघडतात तेव्हा त्यावर बुरशीची नक्षी असते.

कुत्र्यासाठी वेगळं. कापडात त्याचे केस विणल्यासारखे अडकतात आणि नखांनी धागे ओढले जातात. रेक्झिनला नखं भोकं पाडतात. दोन्हीवर उपाय एकच : पुढच्या आणि मागच्या सीटच्या डोक्याच्या टेकूंना अडकवायची कॅनव्हासची झोळी. मागची सीट तिनं पूर्ण झाकली जाते, आणि अचानक ब्रेक लागला तर कुत्रा खाली पडत नाही. आई-वडील येणार त्या दिवशी झोळी काढून ठेवायची.

आई-वडिलांचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, सहसा कुणी विचारत नाही. साडीतल्या बाईला उंच गाडीत चढून आत सरकायला रेक्झिन सोपं जातं, कापडावर साडी अडकते, हे खरं आहे. पण घाटाच्या वळणांवर तीच साडी रेक्झिनवर घसरते आणि म्हातारं माणूस सगळा वेळ दांडी धरून बसतं. म्हणून मी चढण्याची सोय सीटच्या मालात शोधत नाही. मजबूत फूटस्टेप आणि दाराच्या खांबाला धरायची मूठ बसवा. ऑफ-रोडला फूटस्टेप दगडाला लागते अशी तक्रार कराल. काढता येणारी घ्या.

लेदरचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे फोमवर खर्च करा असं मी एरवी म्हणालो असतो, पण तुमची गाडी नवी आहे, कंपनीच्या साच्यातल्या फोमला हात लावू नका. कुशनच्या दुकानात 'जरा जाड करून देतो' म्हणून वर एक थर टाकतात. त्यानं तुमची बसायची उंची बदलते, डोकं छताजवळ जातं आणि खड्ड्यात आदळतं. जुन्या गाडीत फोम बसला असेल तर निदान चाळीस घनतेचा घ्या. तुकडे चिकटवून केलेला रिबाँडेड घेऊ नका, तो पाणी धरून ठेवतो आणि त्याचे तुकडे लवकर सुटतात. तळाला, तारेच्या जाळीवर, जाड कापडाचा थर मात्र हवाच, नाहीतर फोम कापला जातो.

पुरात गेलेल्या गाडीचा मामला पूर्ण निराळा. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा सीटपर्यंत बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती. पावसाचं पाणी आणि पुराचं पाणी यात फरक आहे. पुरात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. तसा फोम धुऊन वाळवून परत वापरू नका, कितीही चांगला दिसला तरी. लेदर असो, कापड असो, आतला फोम फेकायचा, सांगाडा घासून रंगवायचा, बेल्टची कुलपं आणि वायरिंग तपासून घ्यायची. जुनी फोर बाय फोर विकत घेणाऱ्यानं वरची कातडी बघू नये. सीट पूर्ण मागं सरकवावी, मोबाइलचा दिवा लावून रेलच्या कडा आणि सांगाड्याच्या खालच्या बाजूला गंज आणि गाळ आहे का ते बघावं. नव्याकोऱ्या लेदर कव्हरखाली गाळाची रेघ मी बघितलेली आहे.

भटकंतीहून आल्यावर करायचं काम थोडं असतं, पण त्याच संध्याकाळी व्हायला हवं. ओले मॅट बाहेर. कव्हर काढून दोरीवर. सीटवर ओल लागली तर जाड टॉवेल ठेवून गुडघ्यानं दाबून पाणी वर ओढायचं, टॉवेल बदलून पुन्हा. मग काचा थोड्या खाली करून एसी आणि गरम हवा एकत्र पंधरा-वीस मिनिटं. एसी हवेतली ओल काढतो, हीटर सीटमधली ओल वर आणतो. छपराखाली गाडी असेल तर रात्रभर काचा थोड्या उघड्या. आणि भिजलेल्या मित्रांसाठी गाडीत दोन जाड पंचे कायम असू द्या. बसण्याआधी सीटवर पंचा टाकला की निम्मी ओल तिथंच थांबते.

याच भटकंतीबद्दल एक विनंती. मसाई पठारासारख्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गाडी घालू नका. वरचा मातीचा थर बोटभर असतो, आणि चाकाखाली गेलेली फुलं पुढच्या वर्षी तिथं उगवत नाहीत. आपल्याकडं चिखलाचे, दगडाचे गाडीरस्ते भरपूर आहेत.

कव्हरचं काम गुढीपाडवा ते मृग या काळात करून घ्या. मे अखेरीला सगळे एकदम जागे होतात, कारागीर घाईत कापतो आणि माप चुकतं. माप गाडीवर घ्यायला सांगा, कागदी फर्म्यावर विसंबू नका. ताबा घेण्याआधी तिथंच सीट पूर्ण पुढं-मागं सरकवा, पाठ पाडून बघा, मागची सीट दुमडून बघा, सगळे बेल्ट लावा, लहान मुलाच्या सीटचे हूक मोकळे राहिलेत का ते चाचपा. मग चावी फिरवा आणि एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो का ते बघूनच पैसे द्या.